नाताळ, लेंट, ईस्टर: हे सण बायबलमध्ये आहेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते आणि आठवड्यातून एकदा घरोघरी होणाऱ्या बायबल अभ्यासालाही जाते. नोव्हेंबर संपत आला की नाताळाचे प्रश्न सुरू होतात. ते मिटेपर्यंत लेंट, म्हणजे ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचा उपासकाळ, येतो आणि उपासाचे प्रश्न निघतात. काही मुलांचे असतात, काही सोसायटीतल्या शेजारणींचे. सगळ्यांत टोकदार प्रश्न आपल्याच नात्यातल्या माणसांचे असतात, जी आता कोणताच सण न पाळणाऱ्या मंडळीत जातात. दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जाते, म्हणून हे लिहून काढले. वचनांचे संदर्भ दिले आहेत. बायबल शेजारी उघडून वाचावे, ही विनंती.

एका वाक्यात सांगा: हे सण बायबलमध्ये आहेत की नाहीत?

ज्या घटनांचे हे सण आहेत त्या बायबलमध्ये आहेत, पण त्यांचा सण दरवर्षी पाळा अशी आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. येशूने स्वतः नेमून दिलेले स्मरण एकच, भाकर आणि प्याला: “माझ्या स्मरणार्थ हे करा” (लूक २२:१९). त्यासाठीही त्याने तारीख दिली नाही.

खाली वाचताना आज्ञा, घटना आणि प्रथा या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. अर्ध्याहून जास्त भांडणे त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

जुन्या करारात तर देवानेच सण नेमून दिले होते. मग आपण ते का पाळत नाही?

लेवीय २३ वा अध्याय वाचा. शब्बाथ (विसाव्याचा दिवस), वल्हांडण (मिसर देशातून झालेल्या सुटकेचा सण), बेखमीर भाकरीचा सण, सप्ताहांचा सण, कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, मंडपांचा सण असे अख्खे वर्ष तिथे मांडलेले आहे. येशू हे सण पाळत असे, पहिले शिष्यही पाळत असत. प्रेषित पौल तर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमात पोहोचायचे म्हणून वाटेत कुठे रेंगाळायला तयार नव्हता (प्रेषितांची कृत्ये २०:१६).

पण यहूदी नसलेले लोक विश्वासात येऊ लागले, तेव्हा त्यांच्यावर काय काय लादायचे हा प्रश्न यरुशलेमातल्या बैठकीपुढे आला. तिथून जे पत्र गेले त्यात सणांचा उल्लेखच नाही (कृत्ये १५). पौलही कलस्सैकरांना सांगतो की सण, अमावास्या, शब्बाथ ही येणाऱ्या गोष्टींची छाया होती, आणि त्यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये (कलस्सै २:१६-१७).

तरी आपले दोन मोठे दिवस थेट त्या जुन्या सणांवरच उभे आहेत. येशूचे मरण आणि पुनरुत्थान वल्हांडणाच्या दिवसांत झाले. पवित्र आत्मा उतरला तो सप्ताहांच्या सणाला, म्हणजे पन्नासाव्या दिवशी. या दोन्ही तारखा बायबलमधूनच येतात. नाताळाबद्दल तसे म्हणता येत नाही.

देवाने न सांगितलेला सण माणसाने सुरू करणे पाप नाही का?

हा प्रश्न विचारणारे बहुधा अनुवाद १२:३२ दाखवतात: मी आज्ञापितो त्यात भर घालू नका आणि त्यातून काही कमी करू नका. वचन गंभीर आहे, ते टाळून पुढे जाणे मला मान्य नाही.

म्हणून त्याच बायबलमध्ये पुढे काय घडले ते बघू. मोशेच्या नियमशास्त्रात पुरीम हा यहुद्यांचा सण नाही. तो एस्तेर आणि मर्दखय यांच्या काळात सुरू झाला, यहुद्यांनी तो स्वतः होऊन आपल्यावर बांधून घेतला आणि पिढ्यान्पिढ्या पाळायचे ठरवले (एस्तेर ९:२०-२८). दुसरा सण आणखी महत्त्वाचा आहे. अंतियोखस राजाने भ्रष्ट केलेले मंदिर मक्काबी भावांनी ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात शुद्ध करून पुन्हा देवाला वाहिले, त्याची आठवण म्हणून एक सण सुरू झाला. यहुदी लोक आजही तो हनुक्का म्हणून पाळतात. नियमशास्त्रात त्याचा मागमूस नाही. आणि योहान १०:२२-२३ काय सांगतो? तो सण चालू होता, हिवाळ्याचे दिवस होते, आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरत होता.

येशूने तिथे काय काय विधी केले हे योहान लिहीत नाही, म्हणून मीही त्यापुढे जात नाही. पण जो येशू मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथे करतो, तो या माणसांनी सुरू केलेल्या सणाविरुद्ध एक शब्द बोलत नाही. शिवाय त्याच दिवसांत तो “मी आणि पिता एक आहो” असे सांगतो.

परंपरेवर तो चिडतो तो प्रसंग मार्क ७ मध्ये आहे. आईबापांना द्यायचा पैसा ‘देवाला वाहिला’ म्हणून राखून ठेवायचा आणि आईबाप उपाशी, अशी ती परंपरा होती. परंपरेने देवाची आज्ञा बाजूला सारली की ती वाईट. माझे मोजमाप हेच आहे, आणि ते नाताळालाही लावावे लागते. कर्ज काढून केलेला नाताळ आणि दारू पिऊन केलेला नाताळ या मापाला उतरत नाहीत.

येशूचा जन्म २५ डिसेंबरलाच झाला का?

बायबल तारीख देत नाही, महिनाही देत नाही.

अभ्यासाला येणारे एक काका दरवर्षी म्हणतात, “डिसेंबरात मेंढपाळ उघड्यावर कसे असतील?” बेथलेहेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच आहे, हिवाळ्यात तिथे थंडी आणि पाऊस दोन्ही असतात, हे खरे. पण माझे माहेर नगरकडचे. पावसाळा सरला की धनगर मेंढरे घेऊन निघतात, कुणाच्या तरी मोकळ्या शेतात रात्री मेंढरे बसवतात, आणि भर थंडीत घोंगडी पांघरून राखण करतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तेव्हा लूक २:८ वरून डिसेंबर सिद्ध होत नाही, तसा तो खोटाही ठरत नाही.

कोणी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या याच्या याजकवर्गावरून हिशेब करतात, कारण योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा (लूक १:३६). तो अबीयाच्या वर्गातला (लूक १:५), याजकांचे वर्ग चोवीस, प्रत्येकाची पाळी वर्षातून दोनदा. यातली कोणती पाळी धरायची, आणि ती संपल्यावर किती दिवसांनी त्याची बायको अलीशिबा गरोदर राहिली, हे लूक सांगत नाही. पाया ढिला असला की हिशेब कितीही नीट मांडला तरी टिकत नाही.

इतिहासातून काही गोष्टी पक्क्या सापडतात. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लोकांनी काढलेल्या जन्मतारखा नोंदवतो, त्यातली एक मे महिन्यातली आहे. २५ डिसेंबर स्पष्टपणे दिसतो तो रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. आर्मेनियाची मंडळी आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच पाळते.

मग ती तारीख मूर्तिपूजकांच्या सूर्याच्या सणावरून उचलली, हे खरे ना?

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत हे अगदी ठामपणे सांगतात. पुरावा तितका ठाम नाही.

रोमचा सम्राट ऑरेलियन याने इ. स. २७४ मध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले. सूर्याच्या जन्मदिवसाची २५ डिसेंबर ही नोंदही त्याच ३५४ च्या संग्रहात मिळते, म्हणजे दोन्ही नोंदी एकाच पुडक्यात आहेत. सॅटर्नेलिया हा दुसरा रोमन सण १७ डिसेंबरला सुरू होऊन काही दिवस चाले, आणि २५ च्या आधीच संपे.

दुसरा हिशेब ख्रिस्ती लोकांचा स्वतःचा आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. येशूला क्रूसावर दिले तो दिवस २५ मार्च, असे पश्चिमेकडच्या काही जुन्या लेखकांनी मोजले होते. तो ज्या दिवशी मेला त्याच दिवशी मरीयेच्या उदरात आला, अशी त्यांची धारणा होती. २५ मार्चला नऊ महिने जोडा, २५ डिसेंबर येतो. ऑगस्टीनने हे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

मला दुसरे कारण जास्त पटते. पण पहिले खरे ठरले तरी माझा नाताळ डगमगत नाही. त्या दिवशी आमच्या वेदीसमोर कोणी सूर्याला नमस्कार करत नाही.

गव्हाणी, गोठा, तीन राजे, उंट: यातले बायबलमध्ये काय काय आहे?

गव्हाणी आहे. मेंढपाळ आहेत. गोठा असा शब्द नाही, तो गव्हाणीवरून आपण धरला. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीत.

‘उतारशाळेत जागा नव्हती’ हे वाक्य मराठीत वाचले की डोळ्यांपुढे लॉजचा मालक येतो, आणि नाटकात एका मुलाला तो करायला मिळतोच. लूकने वापरलेला ग्रीक शब्द घरातल्या पाहुण्यांच्या खोलीलाही चालतो. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी त्याने तोच शब्द वापरला आहे (लूक २२:११). चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातली भाड्याची उतारशाळा आली की मात्र शब्द बदलतो (लूक १०:३४). तेव्हा नातेवाइकांचे भरलेले घर, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून जनावरे बांधतात त्या भागात बाळंतपण, असे चित्र जास्त जुळते. चाळीत वाढलेल्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

तारा पाहून पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, राजे होते असे मत्तय म्हणत नाही, आणि ते तीन होते असेही म्हणत नाही. दाने तीन आहेत: सोने, ऊद, गंधरस. शिवाय ते ‘घरात’ गेले (मत्तय २:११), म्हणजे काही काळ लोटला होता. आमच्या घरी गव्हाणीचा देखावा टीव्हीच्या शेजारी असतो. मागी तिथे नसतात, त्यांना आम्ही पलीकडच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवतो. धाकटी त्यांना रोज वीतभर पुढे सरकवते आणि ६ जानेवारीला घरात आणते. त्या खेळात तिला मत्तय दुसरा अध्याय पाठ झाला.

देखाव्याची प्रथा रूढ झाली ती असिसीच्या फ्रान्सिसमुळे. इ. स. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरी गव्हाणी, बैल आणि गाढव आणून नाताळची उपासना केली. त्याच फ्रान्सिसच्या पंथाचे चार साधू शंभर वर्षांच्या आत, इ. स. १३२१ मध्ये, आपल्या ठाण्यात हुतात्मे झाले. तलावपाळीवरून जाताना मला हे आठवते.

आगमनकाळ कुठून आला?

नाताळाआधीचे चार रविवार. बायबलमध्ये असा काळ नाही. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, पाचव्या-सहाव्या शतकात तो उपासाच्या रूपात दिसतो. मेणबत्त्यांची गोल माळ तर अगदी अलीकडची, हॅम्बुर्गच्या योहान विखर्नने १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू केलेली. या काळातली वाचने मात्र येशूच्या पहिल्या येण्याइतकीच दुसऱ्या येण्याची असतात. “मारानाथा”, प्रभू ये, ही पहिल्या ख्रिस्ती लोकांची आरोळी पौलाने जशीच्या तशी लिहून ठेवली आहे (१ करिंथ १६:२२).

लेंटचे चाळीस दिवस बायबलमध्ये आहेत का? कपाळाला राख कशाला?

चाळीस दिवसांचे उपास आहेत: मोशेचा सीनाय डोंगरावर (निर्गम ३४:२८), येशूचा रानात (मत्तय ४:२). एलीयाही एका जेवणाच्या बळावर होरेबापर्यंत चाळीस दिवस चालला (१ राजे १९:८). पण शिष्यांनी दरवर्षी चाळीस दिवस उपास केला, असे कुठे नाही. दुसऱ्या शतकात ईस्टरआधी कोणी एक दिवस, कोणी दोन, कोणी जास्त उपास करत असे त्या काळचा बिशप इरेनियस सांगतो. चाळीसचा उल्लेख इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेच्या नियमांत आहे. भस्म बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, ते ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. त्यातले ६ रविवार वगळायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही.

राखेची गोष्ट मला फार जवळची वाटते. निनवेचा राजा राखेत बसला (योना ३:६), म्हणजे खूण बायबलमधलीच. पण येशू सांगतो, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव आणि तोंड धू, माणसांना तो दिसू देऊ नकोस (मत्तय ६:१६-१८). आणि कॅथलिक चर्चमध्ये भस्म बुधवारी, राख लावण्याआधी, नेमका हाच उतारा वाचतात! माझ्या चरईतल्या कॅथलिक मैत्रिणीला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “अगं, ती चेतावणी आमच्याचसाठी आहे. राख लावून घ्यायची आणि ती मिरवायची नाही.” मला हे उत्तर पुरले.

लेंटमध्ये मटण-मासळी सोडणारे पुष्कळ आहेत. सोडलेल्या मासळीचे पैसे कुठे जातात, हा प्रश्न यशया ५८ विचारतो. आपली भाकर भुकेल्याला वाटणे, हाच मला आवडणारा उपास असे देव तिथे म्हणतो. हा अध्याय लेंटच्या पहिल्या आठवड्यात घरी मोठ्याने वाचावा.

झावळ्यांचा रविवार?

चारही शुभवर्तमानांत येशूचा यरुशलेमातला प्रवेश आहे. पण झावळ्या फक्त योहानात (१२:१३), आणि त्या खजुरीच्या. मत्तय आणि मार्क नुसत्या डाहळ्या म्हणतात, लूककडे फक्त अंथरलेले कपडे.

आमच्याकडे झावळ्या नारळाच्या. शनिवारी संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये त्यांचा ढीग पडतो आणि बायका क्रूस करायला बसतात. पातीचा मधला हीर नखाने सोलून काढायचा, पट्टी ओली असतानाच दुमडायची, आडवी पट्टी मागून ओवून टोक आत खोचायचे. वाळली की चिरते. लहान मुलांचे क्रूस वाकडे होतात, तेही वाटतो. हे क्रूस घरी बायबलमध्ये ठेवतात. पुष्कळ चर्चमध्ये पुढच्या वर्षी तेच गोळा करून जाळतात आणि त्यांची राख भस्म बुधवारी कपाळाला लावतात. ‘होसान्ना’ म्हणत हलवलेली झावळीच शेवटी पश्चात्तापाची राख होते.

उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना आणि सात उद्गार?

दुपारी बारा ते तीन ही वेळ शुभवर्तमानातली, काळोखाची (मार्क १५:३३). येशूने क्रूसावरून काढलेले सात उद्गार मात्र कोणत्याही एका शुभवर्तमानात एकत्र सापडत नाहीत. तीन लूकमध्ये, तीन योहानात, आणि “माझ्या देवा, माझ्या देवा” हा मत्तय व मार्कमध्ये. ते एकत्र गुंफणे ही प्रथा आहे. आमच्याकडे सात जण बोलतात, त्यात बायका आणि तरुण पोरेही असतात.

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो?

हा प्रश्न शेजारच्या काकूंचा. त्यांना मी म्हटले, “काकू, तुमची हनुमान जयंती तरी कुठे एका तारखेला येते?” त्यांना लगेच कळले.

वल्हांडण हा यहुदी चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवसाचा (निर्गम १२:६), म्हणजे पौर्णिमेचा सण. येशूला पकडले त्या रात्री गेथशेमाने बागेत चंद्र भरत आलेला होता, आणि तरीही धरायला आलेले लोक दिवे आणि मशाली घेऊन आले (योहान १८:३). सुरुवातीला आशिया प्रांतातल्या मंडळ्या चौदावा दिवसच धरत, मग वार कोणताही असो. रोम रविवार धरी. स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प यासाठी रोमला गेला, एकमत झाले नाही, तरी त्याने आणि रोमच्या बिशपने एकत्र प्रभुभोजन घेतले. मला ही गोष्ट सगळ्या वादापेक्षा मोठी वाटते.

आज पश्चिमेकडच्या मंडळ्यांत चालतो तो नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पौर्णिमा चर्चच्या गणिताने येते, तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच येतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, उत्तम शुक्रवार ३ ला आणि ईस्टर ५ ला. आदल्या वर्षी पौर्णिमा थेट रविवारी, १३ एप्रिलला धरली गेली, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी, २० ला. अधिक मासामुळे कधी कधी आपली पौर्णिमा फाल्गुनाची असते: २०२४ मध्ये धुळवड २५ मार्चला आणि ईस्टर ३१ ला.

पण ‘ईस्टर’ हे देवीचे नाव आहे म्हणतात?

बीड नावाच्या इंग्रज साधूने इ. स. ७२५ मध्ये लिहिले की हे नाव ‘एओस्त्रे’ देवीच्या महिन्यावरून आले. नावाचा प्रश्न इंग्रजी आणि जर्मनपुरता. ग्रीक, लॅटिन आणि त्यांच्या वळणाच्या भाषांत सणाचे नाव ‘पास्का’, म्हणजे वल्हांडण. आपण पुनरुत्थानदिन म्हणतो, तेच मला बरे वाटते. अंडी आणि ससा बायबलमध्ये नाहीत. लेंटमध्ये अंडी वर्ज्य असत, म्हणून साठलेली ईस्टरला खाल्ली जात.

आमचे नातेवाईक कोणताच सण पाळत नाहीत. ते चुकतात का?

नाही. आणि ते काही नवे करत नाहीत, हेही आपण लक्षात ठेवावे.

इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला होता. अमेरिकेत न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ मध्ये. आता आपल्याकडे बघा. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले, आणि १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडचे. म्हणजे ज्यांच्या हातून आपल्या पणजोबांना शुभवर्तमान मिळाले, त्यांच्या मायदेशी मंडळ्या नाताळकडे संशयाने बघत. आज नगरकडच्या घरांत करंज्यांशिवाय नाताळ होत नाही.

गलती ४:१० तेवढे काळजीने वाचावे. दिवस, महिने, ऋतू आणि वर्षे पाळता म्हणून पौल तिथे व्याकूळ होतो, कारण ते पाळल्याने देवापुढे नीतिमान ठरू असे त्या लोकांना वाटू लागले होते. रोम १४:५-६ मध्ये तोच पौल म्हणतो, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो; प्रत्येकाची आपल्या मनात खात्री असावी. दिवस पाळणारा प्रभूकरता पाळतो. म्हणून २५ डिसेंबरला नातेवाइकांकडे फराळाचा डबा नेऊन वाद घालू नये. २७ ला न्यावा, आणि सोबत प्रार्थना करावी.

चांदणी लावणे, झाड सजवणे मूर्तिपूजा आहे का? यिर्मया १० मध्ये झाड तोडून सोन्यारुप्याने सजवतात असे आहे.

यिर्मया १०:३-५ पूर्ण वाचा. कारागीर लाकूड कोरतो, ते हलू नये म्हणून खिळे ठोकतात, आणि त्याला बोलता-चालता येत नाही, अशी ती कोरलेल्या मूर्तीची गोष्ट आहे. घरात सजवलेल्या नाताळच्या झाडाच्या जुन्या नोंदी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, आल्सास प्रांतातल्या. यिर्मयाच्या दोन हजार वर्षे नंतरच्या.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक नऊ वर्षांचा मुलगा डिसेंबरात गप्प गप्प राहू लागला. घरी झालेल्या एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या उपदेशकाने खिडकीतल्या चांदणीकडे बोट दाखवून, हे सैतानाचे काम आहे, असे सगळ्यांसमोर सांगितले होते. चांदणी त्या मुलाने स्वतः केली होती: बांबूच्या कामट्या, लाल जिलेटिन कागद, आत चाळीसचा बल्ब. दिवाळीच्या कंदिलाच्या उरलेल्या सामानातूनच. रात्री त्यानेच ती उतरवून मोडली.

मला त्याचा राग अजून आहे. मोठ्यांचा वाद मोठ्यांशी करावा. मी त्याच्या घरी गेले आणि त्याच्याकडून मत्तय २:९-१० वाचून घेतले. तो तारा पाहून मागींना अतिशय आनंद झाला, असे तिथे आहे. त्याने विचारले, “टीचर, मग लावा असं लिहिलंय का?” मी म्हटले, “नाही. लावू नका असंही लिहिलेलं नाही. तू कशासाठी लावतोस ते सांग.” तो म्हणाला, “पप्पा रात्रपाळीहून येतात ना, त्यांना खालूनच आपलं घर ओळखू येतं.”

आम्ही जांभळी नाक्यावरून कागद आणला आणि त्याच रात्री नवी केली.